वर्गातलं बुलिंग थांबवायचंय? आधी हसणाऱ्यांकडे बघा (नव्या शिक्षकांसाठी, पायरी पायरीने)

मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षातली गोष्ट आधी सांगते. तास सुरू व्हायचा, मी फळ्यावर तारीख लिहीत असायचे आणि पाठीमागून एक बारीक हसू ऐकू यायचं, दोन सेकंदांचं, मी वळले की सगळे शांत. बरेच दिवस मला वाटलं पोरं आहेत, हसतात. एके दिवशी हातातला खडू तुटला म्हणून मी मध्येच वळले आणि तेव्हा दिसलं. एक मुलगा उशिरा आत आला, तिसऱ्या बाकावर बसायला गेला, तिथे बसलेल्याने काही न बोलता आपलं दप्तर रिकाम्या जागेवर सरकवलं, मग तो मागच्या बाकाकडे गेला तर तिथेही दप्तर सरकलं, आणि चार-पाच जण हसले. तो मुलगा काही बोलला नाही, अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि वही काढली. चेहऱ्यावर काहीच नाही. त्याला आधीच माहीत होतं कुठल्या बाकावर काय होणार, ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. हे कित्येक दिवस चाललेलं होतं, माझ्याच तासाला, माझ्या पाठीमागे.

मी काहीतरी करायला लागले तोवर खूप उशीर झाला होता, वर्ष संपल्यावर त्याने शाळा बदलली. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, ट्रेनिंग घेतलं, चुका केल्या, सुधारल्या, आणि आता जे कोणी नव्याने शिकवायला लागतात त्यांना मी हेच सांगते की त्रास देणारा एक आणि त्रास सोसणारा एक एवढंच बघत बसलात तर तुम्हाला अर्धंच दिसेल. दप्तर सरकवणारे दोघं होते, पण ते रोज सरकवत होते ते मागच्या हसण्यासाठी. ते हसू बंद झालं असतं तर दप्तरं आपोआप खाली गेली असती.

खाली पायऱ्या दिल्यात. सगळ्या एकाच आठवड्यात होणार नाहीत, पहिल्या तीन मात्र या आठवड्यातच करा.

पायरी १: मस्करी, भांडण आणि बुलिंग यातला फरक स्वतःला स्पष्ट करा

हे आधी पक्कं नसेल तर तुम्ही एकतर प्रत्येक धक्काबुक्कीला बुलिंग म्हणाल नाहीतर खऱ्या बुलिंगला "मुलांची मस्करी" म्हणून सोडून द्याल, आणि दुसरी चूक जास्त होते.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला डॅन ओल्वेअस या संशोधकाने, १९७० च्या दशकात, स्वीडन आणि नॉर्वेमध्ये. त्याने सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. एक, मुद्दाम केलेलं असतं. दोन, पुन्हा पुन्हा होतं. तीन, ताकद सारखी नसते. ही तिसरी खूण नवीन शिक्षक विसरतात. ताकद म्हणजे फक्त अंगातली ताकद नाही हां, वय, मित्रांची संख्या, पैसा, भाषा नीट बोलता येणं, वर्गात लाडकं असणं, कुणाचं तरी गुपित माहीत असणं, हे सगळं ताकदच आहे. दोन सारख्या ताकदीची मुलं एकमेकांशी कचाकचा भांडली तर ते भांडण, ते तुम्ही समोरासमोर बसवून मिटवू शकता. एकाच्या मागे चौघं आणि दुसऱ्याच्या मागे कोणी नाही, तर ते भांडण नाही.

मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारते: दोघंही हसताहेत का, आणि उद्या हाच रोल उलटा होऊ शकतो का? मित्रामित्रांच्या चिडवाचिडवीत आज तू, उद्या मी असं चालतं, आणि एखाद्याचा चेहरा पडला की समोरचा थांबतो. चेहरा पडल्यावर जोर वाढत असेल तर समजून जा.

आणि बुलिंग म्हणजे नुसती मारामारी नाही. नाव पाडणं, रंगावरून, वजनावरून, बोलण्यावरून, घरच्या परिस्थितीवरून, जातीधर्मावरून, अपंगत्वावरून टोमणे मारणं, वस्तू लपवणं, पैसे मागणं, अफवा पसरवणं, आणि सगळ्यात न दिसणारं म्हणजे एकटं पाडणं. एकटं पाडण्यात कोणी काही करतच नाही, नुसतं कोणी बोलत नाही, त्यामुळे तक्रार तरी काय करायची हेच त्या पोराला कळत नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून सांगितलं होतं की जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याला महिन्याभरात एकदा तरी बुलिंग सोसावं लागलंय. म्हणजे तुमच्या वर्गात असं काही नाही असं वाटत असेल तर बहुतेक तुम्हाला ते दिसलेलं नाही.

पायरी २: जागा आणि वेळा शोधा

बुलिंग वाटेल तिथे, वाटेल तेव्हा होत नाही, त्याच्या ठरलेल्या जागा असतात. जिना, टॉयलेट, पाण्याचे नळ, ग्राउंडचा लांबचा कोपरा, स्कूल बसची मागची सीट, कपडे बदलायची खोली, आणि दोन तासांमधली ती पाच मिनिटं जेव्हा एक शिक्षक गेलेले असतात आणि दुसरे आलेले नसतात.

मुलांना शाळेचा एक साधा नकाशा द्या, हाताने काढलेला चालेल, आणि सांगा की जिथे बरं वाटतं तिथे हिरवा रंग, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल. नाव लिहायचं नाही. सगळे कागद गोळा करून घरी शांतपणे बघा. माझ्या एका वर्गात अर्ध्याहून जास्त मुलांनी एकाच जिन्याचा एकच वळणाचा भाग लाल केला होता, आम्ही शिक्षक दिवसातून दहा वेळा तिथून जात होतो आणि आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही आलो की तिथलं सगळं थांबत होतं.

जागा कळल्या की तिथे मोठं माणूस असलं पाहिजे. मधल्या सुट्टीच्या ड्युटीवर एका जागी उभं राहून दुसऱ्या शिक्षकाशी गप्पा मारणं ही ड्युटी नाही, फिरत राहा, मुलांशी दोन शब्द बोला, रस्ता रोज बदला. शिपाईकाका, मावशी, बसचे ड्रायव्हर, लायब्ररी सांभाळणारे यांच्याशी बोला, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तासाला वेळेवर पोचा. दोन मिनिटं आधीच पोचा खरं तर, दारात उभं राहा, आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारा. माझा तो मुलगा रोज उशिरा का यायचा ते मला नंतर कळलं, कॉरिडॉर रिकामा व्हायची वाट बघत तो टॉयलेटमध्ये थांबायचा. मी त्याला उशिरा येण्याबद्दल दोनदा ओरडले होते.

पायरी ३: खुणा वाचायला शिका

मुलं सांगत नाहीत. सांगितलं तर जास्त होईल ही भीती, आपलीच चूक असेल ही शरम, आणि मोठ्यांनी आधी कधीतरी "एवढंच ना?" म्हटलेलं असतं. म्हणून आपण वाचायचं. वह्या फाटलेल्या, वस्तू सारख्या हरवतात, अचानक मार्क घसरले, मधल्या सुट्टीत वर्गातच थांबतो नाहीतर शिक्षकांच्या अवतीभवती घुटमळतो, ग्रुप करा म्हटलं की जमिनीकडे बघतो, दिवसभर टॉयलेटला जात नाही, आणि घरी सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी पोटात दुखतं. पोटदुखी नाटक नसते, भीतीने खरंच दुखतं.

एक खूण एकटी असली तर दुसरंही कारण असू शकतं, घरी काही चाललेलं असेल, तब्येत असेल. दोन-तीन एकत्र दिसल्या की त्याच दिवशी बाजूला घेऊन बोला, थांबू नका. "तुला कोण त्रास देतं?" असं थेट विचारलं की उत्तर "कोणी नाही" असंच येतं. त्यापेक्षा "मला दिसतंय की तू हल्ली सुट्टीत वर्गातच असतोस, मला तुझी काळजी वाटते म्हणून विचारतेय" असं म्हणा आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा, वीस-तीस सेकंद. आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच बोलून टाकतो.

पायरी ४: वर्गाचे नियम मुलांसोबत बनवा, आणि आधी स्वतःला लावा

ओल्वेअसने शाळांसाठी बुलिंग थांबवायचा जो कार्यक्रम बनवला त्यात चारच नियम आहेत आणि मला अजून त्यापेक्षा चांगले सापडले नाहीत, माझ्या शब्दांत सांगते: आम्ही कुणाला त्रास देणार नाही. कुणाला त्रास होत असेल तर मदत करायचा प्रयत्न करू. एकट्या पडलेल्याला आपल्यात घेऊ. आणि कुणाला त्रास होतोय हे कळलं तर शाळेत आणि घरी मोठ्या माणसाला सांगू. लक्षात घ्या, चारातला एकच नियम त्रास देणाऱ्यासाठी आहे, बाकीचे तीन बाकीच्या वर्गासाठी.

हे नियम छापून भिंतीवर लावले आणि विसरले तर काही होत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गोल बसून बोला, ठरलेल्या वारी, तास बुडतोय म्हणून रद्द करू नका. सुरुवातीला मुलं लाजतात, खिदळतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर बोलायला लागतात. या बैठकीत कुणाचं नाव घेऊन केस चालवायची नाही, प्रसंग घ्यायचे: "समजा नवीन मुलगी आली आणि तिला कोणी खेळायला घेत नाही, तर काय काय करता येईल?"

आता आपल्याबद्दल, आणि इथे मला जरा कडक बोलायचंय. ज्या वर्गात शिक्षक टोमणे मारतात त्या वर्गात पोरं टोमणे मारतात. "आले आमचे साहेब उशिरा", "याच्या डोक्यात बटाटे भरलेत", पेपर देताना कमी मार्क मोठ्याने वाचून दाखवणं, हे ऐकून मुलांना कळतं की याच्यावर हसायला परवानगी आहे. शिक्षकाने एकदा पाडलेलं नाव पोराला शाळा सुटेपर्यंत चिकटतं. खेळाच्या तासाला दोन कॅप्टन करून "निवडा" म्हणणं बंद करा, शेवटी उरलेल्या पोराला रोज सगळ्यांसमोर कळतं की आपण कुणालाच नको आहोत. टीम तुम्ही पाडा, चिठ्ठ्या टाकून पाडा, नंबर मोजून पाडा. ग्रुप प्रोजेक्टचंही तेच, बसायच्या जागांचंही तेच, दर काही आठवड्यांनी जागा तुम्ही बदला म्हणजे दप्तर सरकवायचा प्रश्नच येत नाही.

मुलांशी बोलताना "प्लीज", "थँक यू", "माझं चुकलं" हे शब्द आपल्या तोंडून आले पाहिजेत. मी एकदा एका मुलीवर चुकीचा आळ घेतला होता, कळल्यावर तिची माफी सगळ्या वर्गासमोर मागितली कारण ओरडलेही सगळ्यांसमोरच होते. वर्ग इतका शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

पायरी ५: बघणाऱ्या मुलांसोबत काम करा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बुलिंगमध्ये जवळजवळ सगळा वर्ग सामील असतो, प्रत्येकाचा रोल वेगळा. त्रास देणारा आणि सोसणारा सोडून आणखी चार रोल त्यांनी सांगितले: हात देणारे, म्हणजे पकडून ठेवणारे, दप्तर घेऊन पळणारे. हसून, टाळ्या वाजवून चेव आणणारे. बाजूला राहून बघणारे. आणि सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे. याच अभ्यासातून पुढे फिनलंडमध्ये किवा नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो तिथल्या शाळांमध्ये देशभर पोचला. फिनिश भाषेत किवा म्हणजे छान, आणि "बुलिंगच्या विरोधात" या शब्दांचं ते छोटं रूपही आहे.

कॅनडात शाळेच्या ग्राउंडवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माइक लावून अभ्यास झाला, तो २००१ मध्ये छापला गेला. त्यात दिसलं की बहुतेक वेळा आजूबाजूला मुलं हजर असतात पण मध्ये पडणारी फार थोडी, साधारण पाचातल्या एखाद्या प्रसंगात. आणि जेव्हा कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, बुलिंग दहा सेकंदांत थांबलं. दहा सेकंद! आपण स्टाफरूममधून धावत जायला याहून जास्त वेळ लागतो.

मग मुलं मध्ये का पडत नाहीत? त्यांना वाईट वाटत नाही असं अजिबात नाही, एकेकट्याला विचारलं तर बहुतेक मुलं सांगतात की आम्हाला ते आवडत नाही. पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना आवडतंय, आपण बोललो तर पुढचा नंबर आपला, आणि मुळात काय करायचं ते माहीतच नसतं. म्हणून नुसतं "धीट व्हा, बोला" असं सांगून भागत नाही, आठवीतल्या चौघांसमोर पाचवीतल्या पोराने हिरो व्हावं अशी अपेक्षा करायचीच नाही. छोट्या, जमणाऱ्या गोष्टी शिकवा आणि त्यांची प्रॅक्टिस घ्या.

हसायचं नाही. एवढंच केलं तरी खूप झालं. तिथून निघून जायचं, प्रेक्षक कमी करायचे. व्हिडिओ काढायचा नाही आणि आलेला पुढे पाठवायचा नाही. विषय बदलायचा किंवा सोसणाऱ्याला बाहेर काढायचं, "अरे चल ना, तुला सर बोलावताहेत" किंवा "चल, आपल्याला टीमला एक जण कमी पडतोय", म्हणजे भांडण न करता त्याला तिथून नेता येतं. एकट्याने जमत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून जायचं. मोठ्या माणसाला सांगायचं. आणि त्या वेळी काहीच जमलं नाही तरी नंतर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, "मी बघितलं, ते चुकीचं होतं" एवढं म्हणायचं. ही शेवटची गोष्ट मुलांना फार किरकोळ वाटते. पण ज्यांनी सोसलंय त्यांच्याशी मोठेपणी बोला, ते सांगतात की मारलेलं विसरलो पण कोणीच काही बोललं नाही ते विसरलो नाही.

प्रॅक्टिस म्हणजे खरंच उभं राहून वाक्य बोलून बघायचं, नाटकासारखं. फक्त दोन काळज्या घ्या: ज्याला खऱ्या आयुष्यात त्रास होतोय त्याला कधीही सोसणाऱ्याचा रोल देऊ नका, आणि त्रास देणाऱ्याचा रोल कुठल्याच मुलाला न देता तो तुम्ही करा. मी खोटं खोटं दप्तर सरकवते आणि मुलं एकेक करून येऊन ठरवलेलं वाक्य बोलतात. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, तिसऱ्या वेळी फुटतो.

चुगलीचा प्रश्न येणारच. "बाई, सांगितलं तर चुगलखोर म्हणतात." मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगणं ही चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत. आणि मग आपल्यावर जबाबदारी येते की सांगणाऱ्याचं नाव कधीच बाहेर पडता कामा नये. एकदा जरी "मला अमक्याने सांगितलं" असं तोंडातून गेलं तर त्या वर्गात वर्षभर तुम्हाला कोणी काही सांगणार नाही.

पायरी ६: डोळ्यासमोर घडलं तर

लगेच जा. शांत पण ठाम आवाजात, दोघांच्या मध्ये उभं राहून, जे दिसलं तेच बोला: "तू त्याची वही खिडकीतून फेकलीस. हे आपल्या नियमाविरुद्ध आहे. थांब." "काय चाललंय इथे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही बाई, मस्करी" हेच असतं. मग बघणाऱ्यांना सांगा की तुम्ही हसत होतात तेही मला दिसलं, आणि कोणी मदत केली असेल तर त्याला मात्र नंतर बाजूला घेऊन शाबासकी द्या, सगळ्यांसमोर नको, तो टार्गेट होतो.

तिथल्या तिथे चौकशी करू नका. आणि हात जोडून सांगते, दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" करू नका. भांडणात ते चालतं, बुलिंगमध्ये नाही. समोरचा तुमच्यासमोर सॉरी म्हणतो, दहा मिनिटांनी जिन्यावर त्याचा बदला घेतो, आणि सोसणाऱ्याला तुमच्या देखत पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यात बघावं लागतं.

पायरी ७: सोसणाऱ्याशी बोलणं

एकांतात, घाई नसताना, त्याच दिवशी. तीन गोष्टी त्याला ऐकू आल्या पाहिजेत: तू सांगितलंस ते बरं केलंस, ही तुझी चूक नाही, आणि आता हे तुला एकट्याला सोडवायचं नाहीये. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका कारण ते पाळता येणार नाही, त्यापेक्षा "ज्यांना सांगायची गरज आहे त्यांनाच सांगेन आणि आधी तुला विचारेन की कसं सांगू" असं म्हणा. मग त्याला विचारा की उद्या सकाळपासून काय झालं तर तुला बरं वाटेल. उत्तरं फार साधी येतात, जागा बदला, बसमध्ये पुढे बसू दे, सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवा.

"दुर्लक्ष कर", "तू पण एक ठेवून दे", "तू काहीतरी केलं असशील", "आमच्या वेळी तर..." ही वाक्यं बोलायची नाहीत. दुर्लक्ष तो कधीपासूनचा करतोच आहे, तेव्हाच तर इथपर्यंत आलाय.

मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं, स्वतःला इजा करण्याचं काहीही बोललं, चेष्टेत बोललं तरी, त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पालक यांना कळवा. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, बुलिंगमुळे असल्याची दाट शक्यता होती, आणि त्यानंतरच १९८३ मध्ये तिथे देशभर शाळांमधून मोहीम सुरू झाली. तेवढं घडायची वाट आपण बघायची नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, कोण, कुठे, काय शब्द, कोण हजर होतं. तुमचं मत नको, फक्त घडलेलं. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्याला पुन्हा विचारा. ही तारीख डायरीत आधीच लिहून टाका, नाहीतर परीक्षा, कार्यक्रम यात विसरतं.

पायरी ८: त्रास देणाऱ्याशी बोलणं

त्यालाही एकटा बोलवा, टोळी असेल तर एकामागून एक, मध्ये एकमेकांशी बोलायला वेळ न देता. "तू गुंड आहेस" नाही, "तू हे केलंस" असं. मुलाला एकदा लेबल लावलं की ते तसं वागायला मोकळं होतं. काय झालं, त्या वेळी तुझ्या मनात काय होतं, त्याच्यावर काय परिणाम झाला असेल, आता ते भरून काढायला तू काय करणार, हे चार प्रश्न पुरतात. भरून काढणं म्हणजे खरंच काहीतरी, फेकलेली वही स्वतः पुन्हा लिहून देणं, पसरवलेली अफवा खोटी होती हे ज्यांना सांगितली त्यांना जाऊन सांगणं.

शिक्षा हवीच, पण नुसती शिक्षा नको. शाळेतून चार दिवस काढून टाकलं की सगळ्यांना समाधान वाटतं, पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की अशा सरसकट कडक शिक्षांनी शाळा जास्त सुरक्षित होते असं दिसत नाही. पोरगं चार दिवसांनी जास्त चिडून परत येतं. काही मुलं घरी स्वतः मार खात असतात, काहींना वर्गात नाव मिळवायचा दुसरा रस्ता माहीत नसतो, तर काही चांगली हुशार, लाडकी, बोलण्यात गोड असतात आणि आपल्याला त्यांच्यावर संशयच येत नाही. या शेवटच्यांकडे जास्त लक्ष ठेवा. नेतृत्व करायची हौस असलेल्याला खरी जबाबदारी द्या, पण लहान मुलांवर अधिकार गाजवता येईल अशी नको.

पायरी ९: पालक

दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, एकाच खोलीत कधीच नको. सोसणाऱ्याच्या पालकांना सांगा की शाळा काय करणार आहे, कोण करणार आहे आणि पुढचा फोन कधी येईल, आणि तो फोन त्या दिवशी खरंच करा. दुसऱ्या मुलाच्या घरचं काही त्यांना सांगू नका. त्रास देणाऱ्याचे पालक बहुतेक आधी नाकारतात, "आमचा असा नाहीच", तेव्हा वाद घालू नका, लिहून ठेवलेलं वाचून दाखवा आणि म्हणा की तुमच्या मुलाचं भलं व्हावं हे आपल्या दोघांनाही वाटतं. घरी मारू नका हे आवर्जून सांगा.

पायरी १०: मोबाईलवरचं

इथे "पुन्हा पुन्हा" ची व्याख्या बदलते, फोटो एकदाच टाकला तरी तो शंभर वेळा बघितला जातो, आणि घरी गेल्यावरही सुटका नसते. मुलांना शिकवा: उत्तर द्यायचं नाही, डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढायचा, मग ब्लॉक आणि रिपोर्ट, मग मोठ्यांना दाखवायचं. अपवाद एकच, आक्षेपार्ह किंवा नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट काढू नका, सेव्ह करू नका, कुणालाही पाठवू नका, शिक्षकांनीसुद्धा नाही, तसं करणं हाच गुन्हा ठरू शकतो, फोन तसाच बाजूला ठेवून मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांकडे जा. सांगितल्याची शिक्षा म्हणून मुलाचा मोबाईल काढून घ्यायचा नाही हे पालकांनाही समजवा, या एका भीतीने मुलं महिनोन्महिने गप्प बसतात.

पायरी ११: एकट्याने लढू नका

तुमचा वर्ग सुधारला आणि बाहेरचा जिना तसाच राहिला तर काय उपयोग. मुख्याध्यापकांकडे तीन गोष्टी मागा: तक्रार कुणाकडे करायची ते नाव प्रत्येक मुलाला माहीत हवं, ड्युटीचं वेळापत्रक नकाशातल्या लाल जागांप्रमाणे हवं, आणि वर्षातून दोनदा नाव न लिहिता भरायचा एक छोटा सर्व्हे हवा. टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ मध्ये अनेक देशांतल्या शाळांमधल्या बुलिंगविरोधी कार्यक्रमांचे निकाल एकत्र केले तेव्हा बुलिंग सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. हा आकडा ऐकून काही जण नाराज होतात, मी नाही होत, सोसणाऱ्या पाचातल्या साधारण एका मुलाची सकाळ बदलते.

सर्व्हेबद्दल एक सावधगिरी: काम सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतात. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणेलच की बघा, तुम्ही हा विषय काढला आणि जास्तच झालं. जास्त झालेलं नसतं, मुलं सांगायला लागलेली असतात. त्या वेळी थांबू नका, पुढचा सर्व्हे होईपर्यंत तरी चालू ठेवा, आणि प्रश्न तेच ठेवा म्हणजे तुलना करता येईल. माझ्या सर्व्हेत एक प्रश्न कायम असतो, "मधल्या सुट्टीत तू कुणासोबत असतोस किंवा असतेस?" उत्तरात नाव नसतं लिहायचं, फक्त "मित्रांसोबत", "कधी कधी एकटा", "नेहमी एकटा" यावर खूण करायची. मी सगळ्यात आधी तिसऱ्या रकान्यातल्या खुणा मोजते.